जुनीच फाइल ठेवा

रविवार, १ जुलै २०१२

लखनौला मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमागे हिवाळ्याच्या दुपारी आम्ही दोघं मटार सोलत बसायचो. मध्ये परात. मी बोलायची आणि हेमचंद्र एका गुडघ्यावर इनलँड ठेवून लिहून घ्यायचा, कारण साताऱ्याला सासूबाईंना पत्र जायचं असायचं आणि मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली. मराठी बोलायला सांगा, तासभर बोलेन. लिहायला बसवलं की प्रत्येक वेलांटीपाशी अडायची. मायना त्याचा, मजकूर माझा, हिरवे डाग दोघांचे. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सूनबाईचं अक्षर बघा किती वळणदार.

(लोकांसमोर मी ‘हे’ म्हणते. वहीत ‘तो’. वही माझी आहे.)

आज हे आठवायचं कारण अंतरा. इथल्या मराठी मंडळाची नवी सेक्रेटरी. नवरा एअर फोर्समध्ये, वय चौतीस, पायात स्पोर्ट्स शूज. आली, माझा चिवडा दोनदा मागून खाल्ला, आणि म्हणाली, काकू, हा कॉम्प्युटर आता अपग्रेड करायलाच हवा, लोकांनी पाठवलेले निम्मे लेख यात नुसते चौकोन दिसतात.

चौकोन दिसतात तर लोकांनी नीट पाठवावेत.

कॉम्प्युटर मंडळाचा, पण टेबल माझं, खोली माझी, वीजबिल माझं. आठ वर्षांपूर्वी रिटायर झाल्यावर हेमचंद्रने त्यात लिनक्स घातलं, कारण ते फुकट आणि आतून उघडून बघता येतं. रेल्वेच्या संशोधनात आयुष्य गेलेला माणूस, उघडून बघता येत नाही अशी वस्तू त्याला आवडत नसे. मग त्याने माझ्यासाठी मराठी कीबोर्ड केला. इंग्रजी के दाबलं की क, जी दाबलं की ग. कंपनीच्या मराठी कीबोर्डवर क शोधायला नकाशा लागतो. जगात कुठल्याही कंपनीला हे सुचलं नव्हतं. तो गेल्यापासून गणपतीची स्मरणिका मीच टाइप करते. सबंध लखनौत माझ्याशिवाय कुणाला धड मराठी टाइप करता येत नाही.

अंतराला म्हटलं, अपग्रेड मी करीन. तू हात लावू नकोस.

ती म्हणाली, नक्की ना काकू?

नक्की ना म्हणजे काय!


गुरुवार, ५ जुलै

हृषीकेशला बंगलोरला फोन. आपण मराठीत बोलावं, पोराने हिंदीत उत्तर द्यावं, हे आमच्या घरी त्याच्या तिसरीपासून चालू आहे. म्हणाला, मम्मी, पहले बैकअप ले लो, पूरा सिस्टम, और कुछ मत छेड़ना, मैं दिवाली में आके कर दूँगा.

दिवाळीत! गणपती सप्टेंबरात आहेत. बापाच्या पोटी हा कसा आला कळत नाही.

मला समजावतो. मला! हेमचंद्रने मला शेजारी बसवून समजावलेलं आहे की प्रोग्रॅम कंपनीचा, पण आपल्या घरी त्याने कसं वागायचं ते एका लहानशा सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि ती फाइल आपण हाताने बदलू शकतो. अपग्रेड केलं की प्रोग्रॅम नवा येतो. मग तो विचारतो, ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची राहू दे की आमची नवी घालू? हेमचंद्र दर वेळी एन दाबायचा. एन म्हणजे नो, तुमची नको, आमची राहू दे. इतकंच आहे. याला इंजिनीअर लागत नाही, ताठ कणा लागतो.

ठराव: काहीही विचारलं तरी एन.


सोमवार, ९ जुलै

बॅकअपसाठी सीडी आणायला अमीनाबादच्या बाजारात गेले. रिक्षा अर्ध्या वाटेत सोडावी लागली, पुढे पायी. पहिला दुकानदार म्हणाला, माताजी, अब सीडी कौन लेता है, पेन ड्राइव ले जाइए. दुसराही माताजी. तिसऱ्याने जुन्या सीडी शोधून दिल्या आणि वर म्हणाला, भजन भरवाने हैं क्या?

केस रंगवणं बंद केलं ती चूक झाली.

सीडींबरोबर एक चिकनच्या भरतकामाचा दुपट्टाही आणला. गरज नव्हती. राग होता.

बॅकअप पूर्ण. सेटिंगच्या सगळ्या फाइली ईटीसी नावाच्या फोल्डरमध्ये असतात, हेमचंद्र त्यातच सारखा खुडबुड करायचा. तो अख्खा फोल्डर उतरवला. एक प्रत कपाटात, एक देवघरात, एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार आहे. हृषी म्हणतो पूरा सिस्टम. उरलेलं सगळं कंपनीचं सामान, ते मी कशाला जपू?


शनिवार, १४ जुलै

मंडळाची बैठक. मधुकरराव अध्यक्ष आहेत, औषध संशोधनातून रिटायर झालेले, त्यामुळे कुठलीही गोष्ट डोस दिल्यासारखी सांगतात. म्हणाले, वहिनी, इतकी वर्षं केलंत, यंदा जरा विश्रांती घ्या, अंतरा बघेल.

मी उभी राहिले. म्हटलं, गेल्या वर्षी प्रेसने लोकमान्य टिळकांचं टिलक केलं होतं ते कुणी पकडलं? इथल्या प्रेसवाल्यांना ळ म्हणजे शाईचा डाग वाटतो. त्यांच्या दारात उभं राहून, भैया, यह ल नहीं है, असं अकरा वेळा कोण म्हणालं? यंदा ळ कोण बघणार?

मधुकररावांनी पुढचा विषय घेतला. सगळ्यांना पटलं.

अंतराने फक्त विचारलं, काकू, अपग्रेड झालं का?

म्हटलं, चालू आहे. (सीडी झाल्या म्हणजे चालूच आहे.)


रविवार, २२ जुलै

अपग्रेड आज करणार होते. व्होल्टेज बरं नव्हतं.


बुधवार, २५ जुलै

व्होल्टेज बरं होतं. पण डाव्या डोळ्याला पाणी येत होतं आणि अशा कामात एक अक्षर चुकून चालत नाही.

अंतराचा मेसेज: काकू, गणपतीला आता दोनच महिने. मी उत्तर दिलं नाही. यंदा अधिक महिना आहे हे तिला कुणीतरी सांगा. पंचांगानेच मला वेळ दिला आहे, ही कोण हिशेब विचारणारी.


मंगळवार, ३१ जुलै

आज ठरवून बसले. न्हाऊन, हेमचंद्रच्या फोटोला हार घालून, कॉम्प्युटर चालू केला.

अर्ध्या हिंदुस्थानची वीज गेली. अक्षरशः. दिल्लीपासून बंगालपर्यंत. काल पहाटेही गेली होती. चारबाग स्टेशनवर गाड्या उभ्या आहेत म्हणे. शेजारच्या उल्काताई म्हणाल्या, कुणीतरी नक्की काहीतरी मोठं मशीन लावलं असेल.

मी फक्त बटण दाबलं होतं.


रविवार, ५ ऑगस्ट, दुपार

केलं! करते आहे. सकाळपासून चालू आहे, मध्ये जेवूनही घेतलं.

सुरुवातीला नुसत्या ओळी धावत होत्या. मग थांबला आणि विचारलं. विचारायची पद्धत बघा: ही फाइल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली आहे. एखाद्या स्क्रिप्टने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने! माझ्या नवऱ्याने बदलली आहे. चष्मा कपाळावर सरकवून, एका बोटाने, दोन दोन तास बसून बदलली आहे. मी स्क्रीनला मोठ्याने तसं सांगितलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेट असत्या तर म्हणाल्या असत्या, यंत्राशीही सभ्यतेने बोलावं. सिस्टर बर्नाडेटना कुणी स्क्रिप्ट म्हटलं नव्हतं.

एन.

पुन्हा विचारलं, प्रिंटरच्या फाइलबद्दल. एन. नेटच्या फाइलबद्दल. एन. एक फाइल कसली ते मला कळलं नाही. एन. दर वेळी एक पर्याय असाही देतो की दोन्ही फाइलींतला फरक दाखवू का. फरक कशाला बघायचा? माझा माझ्या नवऱ्यावर विश्वास आहे.

मध्येच अंतराचा फोन वाजत होता. वाजू दिला.

संध्याकाळ. संपलं. एकही फाइल बदलू दिली नाही. एकही! स्वतःसाठी आलं घालून चहा केला. हेमचंद्रच्या फोटोसमोरही ठेवला, मग गार होईल म्हणून तोही मीच प्यायले. उद्या सकाळी स्मरणिका सुरू. ठराव: रोज चार पानं, आणि अंतराला पहिलं पान पाठवताना खाली एकही शब्द लिहायचा नाही. नुसतं पान.


सोमवार, ६ ऑगस्ट

‘गणपती’ टाइप केलं. आलं ‘जूघ’, आणि आगेमागे अनाथासारखे सुटे उकार.

पुन्हा केलं. जूघ.

बंद करून चालू केलं. जूघ.

प्रिंटर जागचा हलत नाही. नेट नाही. काल सगळं होतं, आज काही नाही, आणि फाइली तर मी सगळ्या राखल्या आहेत. याचा अर्थ एकच. अंतराने लांबून काहीतरी केलं आहे. एअर फोर्सवाल्यांना येतं असलं.


बुधवार, ८ ऑगस्ट

हृषीचा फोन तासभर. त्याने मला काय काय टाइप करायला लावलं आणि मी काय काय वाचून दाखवलं ते लिहीत नाही.

निष्कर्ष असा. कीबोर्डची फाइल ईटीसीमध्ये नव्हतीच. ती कंपनीच्या सामानात होती. ईटीसीमधल्या फाइलींबद्दल अपग्रेड माणसाला विचारतं. कंपनीच्या सामानाबद्दल विचारत नाही, जुनं काढतं, नवं ठेवतं, चाललं पुढे. इतकी वर्षं बारीकसारीक अपडेट आले त्यात ती फाइल नशिबाने वाचली. या वेळी गेली. हृषी म्हणाला, पापा ने गलत जगह एडिट किया था, मम्मी.

मी म्हटलं, तुझे पापा चुकीच्या जागी काही करत नसत.

तो म्हणाला, सब करते हैं, जल्दी में. त्यावर मी म्हटलं, तुझ्या वडिलांना घाई माहीतच नव्हती, लग्नालाही वरात सव्वा तास उशिरा आली. तो हसला. मला हसू नकोस म्हटलं.

मग म्हणाला, प्रिंटर आणि नेट बंद आहेत ते मी एन दाबल्यामुळे. नव्या प्रोग्रॅमला जुन्या फाइली कळत नाहीत. जो बचाया उसको बदलना था, मम्मी, और जो बचाना था… इथे तो थांबला. थांबला ते त्याच्या हिताचं झालं.

फोन ठेवला. हेमचंद्रने आपला माल परक्याच्या गोदामात ठेवला, आणि मी इकडे रिकाम्या घराला कुलपं लावत बसले. तीन तीन प्रती. एक लॉकरमध्ये!

पण मला का नाही सांगितलं त्याने? सगळं सांगायचा. जेवणात मीठ कमी आहे हे सांगायचा. हे नाही सांगितलं.

फोटोकडे पाठ करून बसले. आता लिहिताना बरं वाटत नाहीये, पण राग खरा आहे.


रविवार, १२ ऑगस्ट

ठराव: कीबोर्ड मी स्वतः पुन्हा करणार. आठ वर्षं त्यावर टाइप केलं आहे, मला पाठ आहे.

कागदावर चौकोन आखले. क, ग, त, प, म भरले. सोपं. मग ळ. ळ कुठे होता? डोळे मिटून आठवलं, उघडून आठवलं. ऱ्या कुठे? भात उतू गेला. ळ आठवेना. जो ळ मी प्रेसच्या दारात उभं राहून भांडून मिळवला तो माझ्याच घरात कुठे ठेवला होता ते मला सांगता येईना.

अंतराला मेसेज: मोतीबिंदूच्या तपासण्या चालू आहेत, टाइपिंगला डॉक्टरांनी मनाई केली आहे. (डॉक्टरांकडे जाणार आहे.)


गुरुवार, १६ ऑगस्ट

अंतरा न सांगता आली. डोळ्यांची चौकशी करायला, सोबत पपई. मी दार उघडलं तेव्हा माझ्या हातात सुई-दोरा होता आणि सुई मी नुकतीच ओवली होती. तिने सुईकडे पाहिलं आणि पपई पुढे केली, हे मला जास्त लागलं.

कॉम्प्युटर दिसला. जूघ दिसलं. कागदावरचे रिकामे चौकोन दिसले. मग मला सगळं सांगावं लागलं. सांगताना मी वीजमंडळापासून बंगलोरपर्यंत सर्वांचा यथायोग्य उल्लेख केला.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, काकू, आठवू नका. टाइप करा. स्क्रीन बंद समजा, मनात येईल ते नेहमीसारखं लिहा. तुम्ही कुठली की दाबता ते मी बघते.

मी म्हटलं, यातून जूघच येणार.

येऊ दे ना, म्हणाली.

बसले. आणि बोटं चालायला लागली. मी सांगत नव्हते, ती आपली जात होती. ळ आला तेव्हा उजवी करंगळी आपोआप बाजूला सरकली आणि मला एकदम रडायला आलं, पण त्या मुलीसमोर मी रडणार नाही, म्हणून रागाने टाइप करत राहिले. पडद्यावर नुसता कचरा उमटत होता. कचराच दिसतो आहे म्हटल्यावर माणूस मोकळेपणाने लिहितो.

अंतरा पेन्सिल घेऊन एकेक की लावत गेली. हा अ, यावर टिंब, हा त, हा रा. मग थांबली. काकू, हे माझं नाव आहे का?

मी म्हटलं, उदाहरण म्हणून घेतलं.

ती पुढे लावत गेली. ‘अंतरा स्वतःला फार शहाणी समजते आणि चिवडा बकाबका खाते.’ पेन्सिल खाली ठेवून ती इतकी हसली की ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. काय करणार, घरी आलेलं माणूस.

म्हणाली, काकू, ‘बकाबका’मुळे ब आणि क पक्के झाले.

इथपर्यंत ठीक होतं. मग तिने मेनूत कुठेतरी जाऊन एक यादी उघडली, त्यात ‘मराठी, फोनेटिक’ असं काहीतरी होतं, त्यावर क्लिक केलं आणि मला म्हणाली, आता लिहा. लिहिलं. गणपती. गणपतीच आलं.

हेमचंद्रचा कीबोर्ड. जवळजवळ जसाच्या तसा. नव्या अपग्रेडबरोबर आलेला, फुकट, जगातल्या कुणालाही.

मी म्हटलं, ही चोरी आहे. अंतरा म्हणाली, एकच गोष्ट दोघांना सुचू शकते, काकू, के म्हणजे क हे तसं… मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, तसं सोपं नाहीच.

फरक निघाले ते थोडे. ळ त्याने करंगळीखाली आणला होता. ऱ्याला एक वेगळी की. आणि तिसरा फरक अंतराला समजेना, कारण मी लिहिता लिहिता अधूनमधून एकदम सगळं बिघडायचं आणि कीबोर्डवर एक हिरवा दिवा लागायचा. ती म्हणाली, काकू, तुम्ही कॅप्स लॉक दाबता.

मी? आयुष्यात नाही. कॉन्व्हेंटमध्ये मला टायपिंगचं पहिलं बक्षीस होतं. आठ वर्षांत एकदाही असं झालं नाही.

तिने हृषीला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, हाँ, वो तो पापा ने बंद कर रखा था. मम्मी का हाथ हर बार उसपे जाता था. बोले थे, मम्मी को मत बताना, बुरा लग जाएगा.

अंतरा पपई कापायला आत गेली.


शनिवार, १८ ऑगस्ट

अंतराने सगळं लावून दिलं. प्रिंटरची नवी फाइल घातली, नेटची घातली. मी बघत होते, एकदाही एन म्हणाले नाही. ळ, ऱ्या आणि ती तिसरी गोष्ट तिने माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली, जिथे अपग्रेड शिरत नाही. पाऊण तास लागला, त्यातला निम्मा चिवड्यात गेला.

म्हटलं, चला, लेख आण, उद्यापासून रोज आठ पानं.

तिने पर्सची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. म्हणाली, काकू, वेळ कमी होता म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर सगळं टाइप केलंय. प्रूफंही आलीत. तुमचा लेख तेवढा राहिलाय.

हिलाही येतं! कधीपासून येतं?

म्हणाली, शाळेपासून, काकू. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनाच येतं.


रविवार, २६ ऑगस्ट

मधुकररावांनी फोन करून कळवलं की समितीने मला ‘मार्गदर्शक’ केलं आहे. पहिल्या पानावर नाव, चौकटीत. चौकटीत नाव कुणाचं घालतात ते मला माहीत आहे. तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तसं नाही हो वहिनी, चौकट फुलांची आहे.

प्रूफं वाचली. खोटं कशाला लिहू, ळ सगळे जागेवर आहेत. टिळक टिळकच आहेत. एक चूक काढायची म्हणून दिवसभर बसले, तर सापडली ती माझ्याच नावात, आणि ती मीच लिहून दिली होती.

तेव्हा आता वाटणी. डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवते.

कॉम्प्युटर मंडळाला. त्यांचाच आहे, पण मी दिला असं म्हणावं.

टेबल मंडळाला नाही. टेबल उल्काताईंच्या नातीला, तिला अभ्यासाला जागा नाही.

फिरती खुर्ची मधुकररावांना. त्यांना सगळीकडे तोंड फिरवायला बरी पडेल.

ईटीसी फोल्डर हृषीकेशला. त्याने तो उघडून त्यातल्या फाइली आणि कंपनीच्या नव्या फाइली यांतला फरक बघावा. मी बघितला नाही. वडिलांनी काय काय बदललं होतं ते एकदा वाचावं, आणि चुकीच्या जागी होतं का बरोबर, ते मला सांगू नये.

चिकनचा दुपट्टा अंतराला. चिवड्याची कृतीही तिलाच, पण मिरचीचं प्रमाण मी तोंडीच सांगेन.

स्मरणिका अंतराला. यंदाची, पुढची, सगळ्या. माझा लेख मी माझ्याच कीबोर्डवर टाइप करून वेळेत देईन. कॅप्स लॉकचं मंडळात कुणालाही कळता कामा नये, असं तिला बजावलं आहे. पुढे कधी तिला दुसऱ्या कुणासाठी ती की बंद करून द्यावी लागली, तर ज्याच्यासाठी केली त्यालाही तिने सांगू नये.